जर्मन शिकवायचंय, साहित्य कुठून आणि किती घ्यायचं?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका सीबीएसई शाळेत जूनपासून सहावी ते आठवीला जर्मन शिकवते. माझी बी२ (ए१ ते सी२ या सहा पातळ्यांतली चौथी) झाली आहे. प्रत्येक वर्गाला आठवड्यातून दोन तासिका, ३५ मिनिटांच्या. पुस्तकाशिवाय वेगळं काही द्यावं म्हणून रात्री इंटरनेटवर शोधत बसते, दोन तास जातात आणि हाताला एखादी वर्कशीट लागते. तीही मुलांना जड जाते. संस्कृती म्हणून ऑक्टोबरफेस्टची चित्रं दाखवली, पण पुढे काय बोलावं सुचेना. चांगलं साहित्य कुठे मिळेल? फुकटातलं वापरलं तर कायद्यात बसतं का? आणि बी२वर या क्षेत्रात पुढे काही होईल का?

उत्तर : वर्कशीट जड का जाते, तिथूनच सुरुवात करते. तुम्ही बहुधा इंग्रजीत शोधत असाल किंवा नुसतं ‘डॉइच’ (जर्मन) आणि ‘आर्बाइट्सब्लाट’ (वर्कशीट) टाकत असाल. इंग्रजीत शोधलं की इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी केलेलं साहित्य येतं. जर्मनमध्ये नुसतं शोधलं की जर्मनीतल्या दुसरी-तिसरीच्या मुलांचं येतं, म्हणजे जी मुलं घरी जर्मनच बोलतात त्यांचं. चित्रं गोड असतात, भाषा मात्र तुमच्या आठवीला झेपत नाही. म्हणून शोधताना ‘डाफ’ हा शब्द हवाच : परकी भाषा म्हणून जर्मन, याचं ते लघुरूप. ‘डात्स’ दिसलं तर थांबून बघा. ते जर्मनीत येऊन राहिलेल्यांसाठी, दुसरी भाषा म्हणून जर्मन. त्यात सरकारी कचेरी, भाड्याचं घर, नोकरीचा अर्ज असे विषय जास्त. अर्थात रोमन लिपीत टाका : डाफ, मग पातळी ए१, मग विषय जर्मनमध्ये (घड्याळाची वेळ म्हणजे ‘ऊर्झाइट’), शेवटी ‘आर्बाइट्सब्लाट’. एवढ्याने निम्मा कचरा गळतो.

आता किती घ्यायचं. शाळेचं पुस्तक हा कणा, तो बदलू नका. त्याला जोड म्हणून तीन ठिकाणं वर्षभर पुरतात.

पहिलं, डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा ‘निकोस वेग’ हा मोफत व्हिडिओ अभ्यासक्रम. ए१, ए२ आणि बी१ अशा तीन पातळ्या आहेत. स्पेनहून आलेल्या निकोची बॅग विमानतळावर हरवते, तिथून गोष्ट सुरू होते. छोटे प्रसंग, त्यावर स्वाध्याय, शब्दसंग्रह, व्याकरण असं सगळं एकत्र मिळतं. पात्रं मोठ्या वयाची आहेत, त्यामुळे घर शोधणं आणि नोकरी हे भाग सोडून द्या. ओळख करून देणं, खाणं, वेळ, कुटुंब हे प्रसंग सहावीलाही चालतात.

दुसरं, जर्मन भाषा शिकवणाऱ्या आणि तिच्या परीक्षा घेणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटचे नमुना पेपर. १० ते १६ वयाच्या मुलांसाठी ‘फिट इन डॉइच’ ही वेगळी परीक्षा आहे. तिचे पेपर, ऐकण्याच्या फाइली आणि उत्तरं संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. इथे नवे शिक्षक एक चूक हमखास करतात : हाती लागला की पेपर पहिल्याच सत्रात सोडवून घेतात. असे संच मोजकेच असतात. एक फोडून त्यातले प्रश्न सुटे सुटे सरावाला वापरा, दुसरा वर्षाअखेरीपर्यंत मुलांच्या दृष्टीला पडू देऊ नका.

तिसरं, तपासणीसाठी डूडेन किंवा डीडब्ल्यूडीएस हे ऑनलाइन शब्दकोश. नामाचं लिंग, अनेकवचन, आघात कुठे येतो हे सगळं तिथे मिळतं. चॅटबॉटकडून वर्कशीट करून घेत असाल तर तिच्यातलं प्रत्येक नाम आधी इथे बघा. वाक्यं सफाईदार असतात, मग मध्येच एखादं अनेकवचन चुकीचं निघतं, आणि मुलांच्या वहीत गेलेलं ते पुढे वर्षभर निघत नाही.

आता ३५ मिनिटांचा हिशोब. हजेरी आणि प्रोजेक्टर यांत ७ गेली, २८ उरली. व्हिडिओचा तुकडा दीड मिनिटाचाच घ्या. पहिल्यांदा आवाज बंद करून दाखवा : कोण आहे, कुठे आहे, काय चाललंय? मुलं येतील त्या जर्मन शब्दांत सांगतील, ४ मिनिटं. दुसऱ्यांदा आवाजासह, पण फळ्यावर आधी लिहिलेल्या तीनच गोष्टींवर खूण करायची, ६ मिनिटं. तिसऱ्यांदा संवादाची प्रत हातात, तिच्यात पाच गाळलेल्या जागा, ८ मिनिटं. उरलेल्या १० मिनिटांत जोड्या करून तोच संवाद, नावं आणि वस्तू बदलून. गाळलेल्या जागा सगळ्या एकाच प्रकारच्या ठेवा, सगळी क्रियापदं किंवा सगळी उपपदं. मिसळ केली की मूल अंदाजपंचे भरतं आणि नेमकं काय आलं नाही ते तुम्हाला कळत नाही.

रस्त्यावरच्या मुलाखतींचे यूट्यूबवरचे व्हिडिओ, उदाहरणार्थ ‘ईझी जर्मन’, आठवीला आवडतात. त्यांत खाली जर्मन आणि इंग्रजी अशा दोन्ही ओळी येतात. मुलं इंग्रजी ओळच वाचतात, कान बंद. पडद्याच्या खालच्या बाजूला कार्डशीटची पट्टी चिकटवली की प्रश्न मिटतो. शाळेत नेट नसेल तर ज्या पानावर डाउनलोडची सोय दिलेली आहे तेवढंच घरून उतरवून न्या. ती सोय डॉइचे वेलेकडे बऱ्याच ऑडिओंना आणि संवादांच्या प्रतींना आहे.

एवढं सगळं मिळूनही एक गोष्ट नेटवर जवळजवळ सापडत नाही : मराठी मुलाला नेमकं काय सोपं जातं आणि कुठे अडतं, हे धरून केलेलं साहित्य. ते तुम्हालाच करायचंय, आणि पुढे नोकरीत तुमचं वेगळेपण दिसेल तेही त्यातच.

बघा. इंग्रजीतून केलेलं साहित्य ‘निर्जीव वस्तूला लिंग असतं’ हे समजावण्यात चार पानं घालवतं. आपली मुलं तो दरवाजा, ती खिडकी, ते घर असं बोलतच वाढतात, त्यांना ती चार पानं नकोत. त्यांची अडचण वेगळी आहे : ती मराठीतलं लिंग उचलून जर्मनला लावतात. ते टेबल म्हणून ‘डास टिश’ लिहितात, असतं ‘डेर टिश’ (‘डेर’ पुल्लिंगी, ‘डी’ स्त्रीलिंगी, ‘डास’ नपुंसकलिंगी). सूर्य तो आणि चंद्रही तो, पण जर्मनमध्ये सूर्य ‘डी’ आणि चंद्र ‘डेर’. अशा टक्कर देणाऱ्या २०-२५ शब्दांची यादी करून भिंतीवर लावा. मुलगी नपुंसकलिंगी का, हा प्रश्न प्रत्येक वर्षी येतो. ‘मेडशेन’मधला शेवटचा प्रत्यय लहानपण दाखवतो आणि तो लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो. लेकरू, वासरू, पाखरू, पिल्लू ही आपलीही छोटी मंडळी ‘ते’च आहेत. एवढं सांगितलं की वर्ग हसतो आणि नियम लक्षात राहतो.

खरी खोच विभक्तीत आहे. ‘मी त्याला बघते’ आणि ‘मी त्याला पुस्तक देते’, मराठीत दोन्हीकडे ‘त्याला’. जर्मनमध्ये पहिल्या ठिकाणी ‘ईन’, दुसऱ्या ठिकाणी ‘ईम’. मुलांना विचारायला लावा : वाक्यात ‘त्याला’शिवाय वेगळं ‘काय’ आहे का? पुस्तक आहे, म्हणजे ‘ईम’. मदत करणं, आभार मानणं अशी थोडी क्रियापदं या कसोटीत बसत नाहीत, ती पाठच करावी लागतात. उलट बाजूला, ‘मी टेबल बघते’ यात मराठी ‘ला’ लावतच नाही, म्हणून मुलं ‘डेर’चं ‘डेन’ करायला विसरतात. त्याला निष्काळजीपणा समजून गुण कापत बसू नका. निर्जीव पुल्लिंगी वस्तूंची दहा वाक्यं वेगळी काढा आणि तीच घोटून घ्या.

काही गोष्टी तर आयत्या मिळतात. ‘मला पुस्तकं आवडतात’ यात क्रियापद पुस्तकांप्रमाणे चालतं, जर्मनमध्येही तसंच. ‘मला थंडी वाजते’मधला ‘मला’ तिकडेही ‘मीर’च. ‘कारण’ अर्थाच्या ‘वाइल’नंतरच्या वाक्यात क्रियापद शेवटी जातं, आपल्यासारखंच. २१ म्हणजे आधी एक, मग वीस : एकवीस. मुलं मनात ‘ट्वेंटी वन’ म्हणून भाषांतर करतात म्हणून चुकतात. संख्या शिकवताना मराठीतूनच जा. आणि रोमन झेडचा जर्मन उच्चार शिकवायला ‘चमचा’तला च पुरतो. मात्र उच्चार देवनागरीत लिहून देऊ नका. इथे छापायचं म्हणून मी लिहितेय, पण वहीत एकदा ‘इश’ उतरलं की त्यातला मऊ घासता आवाज परत कानाला ऐकू येत नाही. ऐकवा, म्हणायला लावा, मग रोमनमध्ये लिहा.

संस्कृतीच्या तासाला ऑक्टोबरफेस्ट का अडलं? तो म्युनिकचा उत्सव, त्यातून बिअरचा; बारा वर्षांच्या मुलांशी त्यावर बोलणार काय? रोजचं काहीतरी घ्या. जर्मन सुपरमार्केटची आठवड्याची जाहिरातपत्रकं त्यांच्या संकेतस्थळांवर खुली असतात. दोन पानं छापा, प्रत्येक जोडीला १० युरो ‘द्या’ आणि चौघांची न्याहारी खरेदी करायला सांगा. संख्या, खाद्यपदार्थ, ‘डेन’ आणि ‘डास’ सगळं त्यात येतं. मग बाटलीजवळ बारीक अक्षरांत छापलेला ‘फांड’ दाखवा : प्लास्टिकच्या एकदा वापरायच्या बाटलीवर २५ सेंट अनामत, रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की परत. आपल्याकडे काचेच्या बाटल्या रद्दीवाल्याकडे जातात, दुधाची पिशवी कुठे जाते, यावर मुलं आपणहून बोलू लागतात. तसंच जर्मन रेल्वेचं वेळापत्रक : कोलोनहून हॅम्बुर्गला दुपारी दोननंतरची पहिली गाडी कोणती? ए१ला एवढं पुरे.

११ नोव्हेंबरच्या सुमाराला तिकडे सेंट मार्टिनच्या दिवशी मुलं कागदी कंदील घेऊन मिरवणूक काढतात. आपल्या आकाशकंदिलांचे दिवसही त्याच्या आगेमागेच असतात. कंदील करण्याची कृती जर्मनमध्ये दिली तर कापा, दुमडा, चिकटवा ही आज्ञार्थी रूपं हातासरशी होऊन जातात. गोएथे इन्स्टिट्यूट आणि डॉइचे वेले यांची ‘डास डॉइचलांडलाबोर’ ही २० भागांची मालिकाही आहे. पातळी ए२, म्हणजे आठवीच्या शेवटी घ्या. आणि जर्मन म्हणजे एकटा जर्मनी नव्हे हे अधूनमधून दाखवत राहा : ऑस्ट्रियात जानेवारीला ‘येनर’ म्हणतात, स्वित्झर्लंडमध्ये ‘एसत्सेट’ (ß) हे अक्षर वापरतच नाहीत.

जुनं साहित्य ओळखायला तीन खुणा पुरतात. किंमत मार्क या युरोआधीच्या जर्मन चलनात असेल तर २००२च्या आधीचं. जर्मनीतल्या पत्त्यात पिन कोड चार आकडी असेल तर १९९३च्या आधीचं. ‘डास’ हे उभयान्वयी अव्यय दोन एसऐवजी ‘एसत्सेट’ने लिहिलेलं असेल तर १९९६च्या शुद्धलेखन सुधारणेआधीच्या वळणाचं. स्कॅन केलेल्या पुस्तकांत हे सर्रास आढळतं.

कायद्याचं. १९५७च्या आपल्या स्वामित्व हक्क कायद्यातलं कलम ५२ शिक्षकाला अध्यापनाच्या ओघात मजकुराची प्रत काढू देतं. २०१६मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाचा आधार घेतला. वर्गात २४ प्रती वाटणं यात बसतं. तीच पानं स्वतःच्या नावाने पीडीएफ करून विकणं, किंवा निकोचा व्हिडिओ दाखवत घेतलेला तास रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकणं ही अध्यापनाची सवलत धरू नका. क्रिएटिव्ह कॉमन्सची (कर्त्याने आधीच दिलेल्या वापराच्या परवान्याची) खूण असेल तर अक्षरं वाचा : ‘एनसी’ असेल तर पैसे घेऊन शिकवणीत वापरू नये, ‘एनडी’ असेल तर बदल करून वाटू नये, ‘बाय’ असेल तर मूळ कर्त्याचं नाव द्यायचंच.

आता तुमचं पुढचं. बी२वर शाळेत सहावी ते आठवी निभते. कायमच्या नेमणुकीसाठी बहुतेक शाळा बी.एड. मागतात. महाविद्यालय किंवा मोठ्या भाषासंस्थेकडे जायचं तर सी१ आणि एम.ए. हवं. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे, मुंबई विद्यापीठातही जर्मन विभाग आहे. शिकवण्याच्या पद्धतीसाठी गोएथे इन्स्टिट्यूटचा ‘डॉइच लेरेन लेर्नेन’ हा शिक्षकांचा अभ्यासक्रम बघा. नोकरी सांभाळून तो करता येतो.

दुसरी वाट मोठ्यांना शिकवण्याची. २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्याशिवायही परिचर्या शिकलेल्या मुली जर्मनकडे वळताहेत. त्यांना साधारण बी२ लागते, म्हणजे तिथे शिकवायला तुमची सी१ हवीच. आणि मघाशी बाजूला ठेवलेलं ‘डात्स’ साहित्य इथे उपयोगी पडतं : जर्मन लोकशिक्षण केंद्रांचं ‘व्हीएचएस लर्नपोर्टल’ मोफत आहे, बी२पर्यंत जातं आणि कामाच्या जागेची भाषा देतं.

गोएथे इन्स्टिट्यूटच्या सी१ परीक्षेचे चार भाग (वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं) २०२४पासून सुटे देता येतात, प्रत्येकात १००पैकी ६० हवेत. नमुना पेपर घड्याळ लावून एकदा सोडवा. रोज ए१ शिकवणाऱ्यांचं वाचन आणि ऐकणं सहसा टिकून असतं, लेखन गंजतं. तुमचंही तसंच निघालं तर बाकीचे भाग आधी देऊन मोकळ्या व्हा आणि लेखनासाठी तीन-चार महिने वेगळे ठेवा : आठवड्याला दोन मजकूर, तपासणारं माणूस सी१च्या वरचं.