एनसीपीए आपल्यासारख्यांसाठी आहे का?

प्रश्न: नोकरीसाठी नाशिकहून आले, डोंबिवलीला राहते. नाटकाची, गाण्याची आवड आहे. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएबद्दल (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) खूप ऐकलंय, पण ऑफिसमधले सगळे म्हणतात की ते श्रीमंत, इंग्रजी बोलणाऱ्यांचं ठिकाण आहे. तिथे मराठी काही असतं का? पाश्चात्त्य संगीतातलं मला काही कळत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

बिनधास्त जा. मी कल्याणला राहतो, नोकरी फोर्टमध्ये. गेली वीसेक वर्षं तिथे जातोय, आणि सुरुवातीला मलाही हाच प्रश्न पडला होता. कुणी सांगणारं नसल्यामुळे माझी पहिली काही वर्षं त्या इमारतीसमोरून नुसतं जाण्यात गेली. तुमची तशी जाऊ नयेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मराठीचं. संस्था 1969 साली जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांच्या पुढाकाराने सुरू झाली. जमशेद म्हणजे होमी भाभांचे धाकटे भाऊ. पारशी घराण्यांची संस्था म्हणून तिच्याकडे पाहिलं जातं आणि ते खरंही आहे. पण पु. ल. देशपांडे तिथे मानद संचालक होते आणि महाराष्ट्रातल्या लोककला ध्वनिमुद्रित करून जपण्याच्या कामात त्यांनी मनापासून लक्ष घातलं. संगीताचे अभ्यासक अशोक रानड्यांनी तिथे संगीत आणि नाट्य संशोधनाचं काम वर्षानुवर्षं केलं. बैठकीची लावणी, देवगाणी असा एकेक विषय घ्यायचा, त्यामागचा अभ्यास निवेदनातून सांगायचा आणि तो गाऊन दाखवायचा, हा कार्यक्रमाचा प्रकार रानड्यांनी रुजवला. आज सगळीकडे संकल्पनेवर आधारित मैफली दिसतात, त्यांची वाट इथून गेलेली आहे असं मी मानतो. पुढे 1993 पासून विजया मेहता कार्यकारी संचालक होत्या. 1960 साली ‘रंगायन’ ही प्रायोगिक नाट्यसंस्था उभी करणाऱ्या विजयाबाईच. म्हणजे ज्या वास्तूला आपण परकी समजतो, तिच्यात आपल्या तीन फार मोठ्या माणसांचं आयुष्यातलं बरंच काम झालेलं आहे.

आज तिथे मराठी किती असतं? मला विचाराल तर असायला हवं त्याहून कमी. पण ‘प्रतिबिंब’ नावाचा मराठी नाट्यमहोत्सव भरतो, आणि एरवीही अधूनमधून प्रायोगिक नाटकांचे प्रयोग लागतात. ते चुकवू नका. खुर्च्या भरल्या की पुढच्या वर्षी मराठीला आणखी चार तारखा मिळण्याची शक्यता वाढते. हे काम प्रेक्षकांचं आहे, आणि ते आपण केलं पाहिजे असं मला कळकळीने वाटतं.

आता तुम्ही विचारलेलं नाही, पण समजून घ्यायला हवं असं एक. तुमच्या डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले नाट्यगृह, आमचं अत्रे रंगमंदिर, ठाण्याचं गडकरी रंगायतन ही पालिकेची नाट्यगृहं मुख्यतः भाड्याने चालतात. निर्माता तारीख घेतो, भाडं भरतो, जाहिरात करतो आणि नफातोटा त्याच्या डोक्यावर. म्हणून शनिवार-रविवारच्या तारखांवर सगळ्यांचा डोळा असतो आणि तिथे तेच लागतं ज्याला बुकिंग आहे. यात वाईट काहीच नाही. मराठी व्यावसायिक रंगभूमी याच नाट्यगृहांच्या जिवावर उभी आहे आणि मध्यंतरातल्या बटाटेवड्यासकट मला ती प्रिय आहे. पण रुद्रवीणा ऐकायला शंभर माणसं येणार असतील तर तिची तारीख कोण घेणार? एखाद्या विशीतल्या मुलीला पहिली स्वतंत्र मैफल कोण देणार? त्यासाठी वर्षाचे कार्यक्रम स्वतः ठरवणारी, त्याचा खर्च सोसणारी संस्था लागते. एनसीपीएत हिंदुस्तानी संगीत, नृत्य, नाटक, पाश्चात्त्य संगीत अशा प्रत्येक विभागात कुणीतरी बसून ‘यंदा काय ऐकवायचं’ हे ठरवत असतं. एनसीपीएतही सभागृहं भाड्याने दिली जातात, पण मी जातो तो संस्थेने स्वतः ठरवलेल्या कार्यक्रमांना. तिकीट काढताना तेवढं बघून घ्या. ‘एनसीपीए प्रस्तुत’ असेल तर कलाकाराचं नाव ओळखीचं नसलं तरी जा.

तिथे एकाच आवारात पाच सभागृहं आहेत आणि कोणती कला कुठल्या सभागृहात ऐकावी याला फार अर्थ आहे. लिटल थिएटर सगळ्यांत जुनं, 1975 चं, शंभराच्या थोड्या वर खुर्च्या. एक्सपेरिमेंटल थिएटर 1986 चं, तीनेकशे माणसांचं. तिथल्या खुर्च्या हलवता येतात, त्यामुळे कधी प्रेक्षक तिन्ही बाजूंनी बसतात, कधी समोरासमोर. मराठी प्रायोगिक नाटक पाहायचं तर इथेच. 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेत जी नाटकं झाली ती अशीच हातभर अंतरावरून पाहिली जायची. इथे नट कुजबुजला तरी शेवटच्या रांगेत पोचतं. नृत्यासाठी गोदरेज डान्स थिएटर आहे. आणि मग दोन मोठी: टाटा थिएटर आणि जमशेद भाभा थिएटर.

टाटा थिएटरबद्दल थांबून सांगायला हवं. ते 1980 साली सुरू झालं. वास्तुरचना अमेरिकेच्या फिलिप जॉन्सन यांची आणि ध्वनियोजना सिरिल हॅरिस यांची. आपलं गाणं समोरासमोर बसून, गाणाऱ्याच्या चेहऱ्यावरचं पाहत ऐकायचं असतं, हे लक्षात घेऊन खुर्च्या पंख्यासारख्या मांडल्या आहेत. हजार माणसं बसतात, तरी शेवटचा माणूसही मंचापासून फार लांब पडत नाही. आणि ध्वनिवर्धकाशिवाय आवाज पोचावा असा तो बांधलाय.

आईला मी तिथे एकदाच नेलं. ती कल्याणच्या भजनी मंडळात तीस वर्षं गायली. तिचं गाणं ऐकणं म्हणजे गणपतीच्या मांडवातले कर्णे, नाहीतर रेडिओ. त्या संध्याकाळी एक ज्येष्ठ गायिका होत्या. पडद्यामागे तानपुरे लागत होते तेव्हाच आई माझा दंड धरून म्हणाली, “अरे, हे माइकवर नाहीये.” मग तिने डोळे मिटले ते मध्यंतरापर्यंत उघडले नाहीत. यमन रागाचा पहिला निषाद लागला तेव्हा आवाज समोरून येतोय असं वाटलंच नाही, तो आपल्या शेजारून उठल्यासारखा वाटला. आपल्या पिढीने शास्त्रीय संगीत बहुतेक वेळा स्पीकरमधून ऐकलं आहे. तबल्याच्या मधल्या काळ्या शाईवरचं बोट आणि काठावरचं बोट यांत किती फरक आहे, गायिका श्वास कुठे घेते, तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती गुणगुण, नक्की काय असते, हे मला त्या दिवशी कळलं. मध्यंतरात आईने कॉफी घेतली नाही. कानातलं जाईल म्हणाली. घरी येईपर्यंत लोकलमध्ये ती गप्प होती आणि दुसऱ्या दिवशी मंडळात जाऊन तिने पेटीवाल्यांना माइक लांब ठेवायला सांगितलं.

आता पाश्चात्त्य संगीत. कळत नाही म्हणून घाबरू नका. देशातला व्यावसायिक सिंफनी वाद्यवृंद, सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया, 2006 मध्ये याच संस्थेने उभा केला. त्याचे दोन हंगाम असतात, एक फेब्रुवारीच्या सुमारास, एक सप्टेंबरच्या. कार्यक्रम बहुधा जमशेद भाभा थिएटरमध्ये होतात. हे थिएटर बांधून होत आलं असताना डिसेंबर 1997 मध्ये आगीत जळालं. जमशेद भाभांचं वय तेव्हा ऐंशीच्या पुढे होतं. त्यांनी ते पुन्हा उभं केलं आणि 1999 मध्ये ते सुरू झालं. आत शिरल्यावर जो संगमरवरी जिना दिसतो, त्यावर पाऊल ठेवताना मला दर वेळी त्या म्हाताऱ्या माणसाची आठवण होते.

ऐकताना एवढं लक्षात ठेवा: आपल्याकडे समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, दाद द्यायची असते, न दिली तर गाणाऱ्याला चुकल्यासारखं वाटतं. तिथे उलट. सिंफनीचे साधारण चार भाग असतात, प्रत्येक भागानंतर थोडी शांतता येते, त्या शांततेत टाळ्या वाजवायच्या नाहीत. चारही भाग मिळून एकच रचना असते. ख्यालात संथ विलंबित आणि जलद द्रुत मिळून एकच मांडणी होते, तसंच समजा. वाद्यवृंदाच्या संचालकाचे (कंडक्टरचे) हात खाली येईपर्यंत थांबा, बाकीचे वाजवतील तेव्हा वाजवा. आणि सूर समजत नसतील तर एक वाद्य निवडून त्याच्यामागे जा. मी पहिल्यांदा फक्त चेलोकडे, म्हणजे व्हायोलिनच्या थोरल्या भावाकडे, बघत राहिलो. पंधरा मिनिटांनी तो काय सांगतोय आणि व्हायोलिनं त्याला काय उत्तर देतायत, हे आपोआप ऐकू यायला लागलं. तसंच, ऑपेरा, म्हणजे गाऊन सादर होणारं नाटक, असेल तर भाषांतराची पट्टी वर दिसते का ते आधी चौकशी करून घ्या, मग कथा कळते.

कपड्यांचं फार मनावर घेऊ नका. मी ऑफिसच्याच शर्टात जातो. काही लोक नटून येतात, त्यांनाही आनंद आहे. द्वारपालापासून तिकीट खिडकीपर्यंत कुणीही मराठीत उत्तर देतं, मी मराठीतच बोलतो.

सुरुवात कुठून? तुमच्या जागी मी असतो तर पहिल्यांदा विनामूल्य कार्यक्रमाला गेलो असतो. असे बरेच असतात: तरुण कलाकारांचं गाणं, नृत्य, व्याख्यान, चित्रपट. बहुतेक वेळा प्रथम येणाऱ्यास प्रथम प्रवेश, म्हणून अर्धा तास आधी पोचायचं. त्याने जागेची ओळख होते आणि दडपण जातं. पहिल्याच खेपेला बाराशे रुपयांचं तिकीट काढून अवघडून बसण्यापेक्षा हे बरं. त्यानंतर एक्सपेरिमेंटलमध्ये एक मराठी नाटक. मग टाटा थिएटरमध्ये गाणं, शक्यतो कंठसंगीत. ‘बंदिश’ नावाचा महोत्सव असतो, त्यात जुन्या रचनाकारांच्या बंदिशी घेऊन कार्यक्रम बांधलेले असतात. नाशिकसारख्या गाण्याच्या गावातून आलेल्या माणसाला तो आवडेल. नृत्याचं वेड असेल तर एप्रिलअखेरीस, जागतिक नृत्यदिनाच्या आसपास, लक्ष ठेवा. सिंफनीला घाई नाही, ती वर्षभराने ऐकलीत तरी चालेल. महिन्याचा कार्यक्रम संस्थेच्या मासिकात छापलेला असतो. मी त्यावर पेन्सिलने खुणा करून तो फ्रिजवर लावतो.

एकच पथ्य काटेकोरपणे पाळा, वेळेचं. सुरू झाल्यावर दार बंद होतं आणि मधल्या विरामापर्यंत बाहेर थांबावं लागतं. संध्याकाळचे कार्यक्रम बहुधा साडेसहा-सातला असतात. डोंबिवलीहून निघणार असाल तर सीएसएमटीला उतरून पुढच्या वाहतुकीसाठी पाऊण तास हातात ठेवा. चर्चगेटहून शेअर टॅक्सी मिळते, नाहीतर चालत वीस मिनिटं. परत येताना मी सहसा चालतोच. दार उघडलं की समोर समुद्र आणि मरीन ड्राइव्हचे दिवे असतात, आणि त्या वाऱ्यात नुकतं ऐकलेलं थोडा वेळ कानात राहतं. मोबाइल मी चर्चगेटला पोचेपर्यंत उघडत नाही. त्यानंतरही सीएसएमटीहून डोंबिवलीला जायला गाड्या भरपूर आहेत, त्याची काळजी करू नका.