घर आपलं, जागा पार्कची: मोबाइल होम घेणाऱ्यांची प्रश्नोत्तरे

कारखान्यात बनवून ‘पार्क’ नावाच्या वसाहतीतल्या भाड्याच्या जागेवर आणून बसवलेल्या घराला ‘मोबाइल होम’ म्हणतात, पण हे नाव फसवं आहे. यी विरुद्ध एस्कॉन्डिडो शहर या १९९२ च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानंच नोंदवलं आहे, की अशा शंभर घरांपैकी जेमतेम एखादं घर पुढे कधी हलतं. घर आपल्या नावावर, त्याखालची जागा पार्कमालकाची, आणि घर उचलून नेणं परवडत नाही. बहुतेक भांडणांचं मूळ इथेच आहे. या वेळचे प्रश्न कॅलिफोर्नियातल्या वाचकांचे आहेत आणि उत्तरंही तिथल्या ‘मोबाइलहोम रेसिडेन्सी लॉ’नुसार, म्हणजे दिवाणी संहितेच्या कलम ७९८ पासूनच्या तरतुदींनुसार आहेत. दुसऱ्या राज्यात राहत असाल तर हे आकडे जसेच्या तसे लावू नका.

प्रश्न : आधीच्या मालकाला थेट पैसे देऊन घर घेतलं. त्यानं टायटलवर (मालकीच्या कागदावर) सही करून दिली. सामान लावून झाल्यावर मॅनेजर म्हणतो, ‘तुम्ही इथले भाडेकरूच नाही, निघा.’ घर माझं असताना मला कसं काढता येईल?

घर तुमचंच आहे. पण तुम्ही दोनपैकी एकच व्यवहार केलात. घराची खरेदी विक्रेत्याशी होते, जागेचा भाडेकरार पार्कशी. कलम ७९८.७५ सांगतं, की करारावर सही न करणाऱ्या खरेदीदाराला भाडेकरूचे हक्क मिळत नाहीत. पार्क त्याला पाच दिवसांत जागा सोडण्याची नोटीस देऊ शकतं आणि नंतर कोर्टात निष्कासनाचा दावा लावू शकतं. एरवी भाडेकरूला मिळणारी ६० दिवसांची मुदत तुम्हाला नाही.

त्याच कलमात एक वाट मात्र ठेवली आहे. घराची नोंदणी तुमच्या नावावर असेल, भाडं भरण्याची तुमची ऐपत आहे आणि तुम्ही नियम पाळाल असं पार्कनं ठरवलेलं असेल, आणि तरीही पार्कनं करार दिला नसेल, तर तुम्हाला बेकायदा रहिवासी ठरवता येत नाही. तिन्ही गोष्टी एकत्र लागतात. म्हणून आजच रहिवासाचा अर्ज मागा. तो भरून, उत्पन्नाचे पुरावे आणि याआधी जिथे भाड्यानं राहत होतात तिथल्या मालकाचं पत्र जोडून सर्टिफाइड मेलनं पाठवा. तोंडी बोलणं कोर्टात टिकत नाही. नोटीस हातात पडली असेल तर वकील गाठायला उद्यावर जाऊ नका. पाच दिवस बघता बघता जातात.

नोंदणीही लगेच उरका. या घरांची टायटलं राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे, म्हणजे एचसीडीकडे असतात. १ जुलै १९८० नंतर नवं विकलं गेलेलं घर स्थानिक मालमत्ता करात येतं आणि काउंटीचं कर थकबाकी नसल्याचं प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय नाव बदलत नाही. विक्रेत्यानं चार वर्षांचा कर थकवला असेल तर तो अशा वेळी तुमच्या गळ्यात पडतो.

ज्यांनी अजून पैसे दिलेले नाहीत, त्यांनी क्रम उलटा करावा. आधी पार्ककडे त्या विशिष्ट जागेसाठी अर्ज मागावा. घर विक्रीला आहे हे पार्कला माहीत असेल, तर दोन कामाच्या दिवसांत त्यांना ‘इन्फर्मेशन फॉर प्रॉस्पेक्टिव्ह होमओनर्स’ हा वेगळा कागद द्यावाच लागतो. त्यात तुम्हाला लागू होणारं भाडं असतं. विक्रेता आज जे भाडं भरतो तेच तुम्हाला पडेल असं गृहीत धरू नका. शहराचा भाडेनियंत्रणाचा नियम काय आहे त्यावर ते ठरतं. मग मंजुरी, मग सही केलेला करार, आणि एस्क्रोतून, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या त्रयस्थाकडून, पैसे सगळ्यात शेवटी.

प्रश्न : मॅनेजरनं ‘उत्पन्न भाड्याच्या तिप्पट नाही’ म्हणून अर्ज नाकारला. इन्कम टॅक्स रिटर्नही मागितलं होतं.

रिटर्नची प्रत मागण्याची कायद्यानं स्पष्ट मनाई आहे. अर्ज नाकारायला कारणंही दोनच चालतात: भाडं आणि इतर आकार भरण्याची ऐपत नसणं, किंवा आधीच्या भाडेकरारांतल्या वर्तनावरून नियम पाळले जाणार नाहीत असं वाजवीपणे दिसणं. ‘तिप्पट’ हा पार्कांचा ठोकताळा आहे, कायद्यातली कसोटी नाही. पगार कमी पण बँकेत शिल्लक चांगली असेल तर स्टेटमेंट जोडून फेरविचार मागा. मागितलेली सगळी माहिती मिळाल्यापासून १५ कामाच्या दिवसांत लेखी होकार किंवा कारणासह नकार देणं पार्कवर बंधनकारक आहे. दुसऱ्याच कारणासाठी अडवलं असेल तर होणाऱ्या नुकसानीला पार्क जबाबदार ठरू शकतं. विक्रेत्याचाही सौदा मोडतो, तेव्हा त्याला सोबत घ्या.

प्रश्न : आमचं घर १९७४ चं आहे. पार्क म्हणतं, विकायचं तर विका, पण जुनं घर इथून हलवावं लागेल.

ही धमकी फार चालते, कारण ती ऐकून गिऱ्हाईक पळतं आणि घर कवडीमोलानं पार्कच्याच हाती येतं. नुसतं वय पुरत नाही. १५ सप्टेंबर १९७१ नंतर बनलेल्या घराला २५ वर्षं झालेली असली पाहिजेत आणि शिवाय अधिकृत तपासणीत ते आरोग्य व सुरक्षेच्या निकषांत नापास झालं पाहिजे. दुसरा मार्ग म्हणजे घर फारच मोडकळीस आलं आहे असं म्हणणं. तिथे ते सिद्ध करण्याची जबाबदारी पार्कची आहे.

मागच्या बाजूला लाल धातूची पट्टी नाही, असाही मुद्दा कधी काढतात. ती केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याच्या, म्हणजे ‘हड’च्या, बांधकाम संहितेची खूण आहे आणि ती संहिता लागू झाली १५ जून १९७६ ला. १९७४ च्या घरावर ती असणारच कशी?

तपासणीआधी स्वतः फेरी मारा. घराखालचे टेकू कलले आहेत का, पायऱ्यांचे कठडे हलतात का, गॅसचा वॉटर हीटर भूकंपात पडू नये म्हणून पट्ट्यांनी बांधलाय का, झोपायच्या प्रत्येक खोलीतला स्मोक अलार्म वाजतो का. मग पार्ककडे दुरुस्त्यांची यादी लेखी मागा. ती १० कामाच्या दिवसांत मिळायला हवी. यादी बाहेरच्या भागापुरतीच असावी लागते. स्वयंपाकघरातल्या फरशीशी पार्कला कर्तव्य नाही.

प्रश्न : आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार आहेत. पार्क महिन्याला ‘गेस्ट फी’ मागतंय.

देऊ नका. जवळच्या कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर फी लावता येत नाही, आणि त्या व्याख्येत घरमालक, जोडीदार, दोघांचेही आई-वडील, मुलं आणि १८ वर्षांखालची नातवंडं येतात. म्हणजे सासू-सासरेही. भाऊ किंवा मावशी मात्र पाहुण्यांत मोडतात: सलग २० दिवस किंवा वर्षात एकूण ३० दिवस फुकट, पुढे करारात असेल तर फी. फक्त एका घरात किती माणसं राहावीत आणि गाड्या किती लावाव्यात, हे नियम आई-बाबांनाही लागू होतात.

प्रश्न : पार्कच्या झाडाच्या मुळांनी ड्राइव्हवे उचलला गेलाय, घराचा एक कोपराही वर आलाय. मॅनेजर म्हणतो, तुमची जागा, तुमचा खर्च.

ड्राइव्हवे कोणी बांधला, यावर सगळं आहे. पार्कनं बांधला असेल तर त्याची देखभाल, आणि मुळांनी ड्राइव्हवेचं व घराच्या पायाचं केलेलं नुकसान, हे कलम ७९८.३७.५ प्रमाणे पार्कचं काम. घरमालकानं बांधला असेल तर देखभाल त्याची. झाडापासून नेमका धोका असेल तर छाटणी किंवा तोडणीचा खर्चही पार्कचाच. धोका आहे की नाही यावर जुंपली तर तपासणी यंत्रणेकडून निर्णय मागता येतो. भेगेत फूटपट्टी उभी धरून, तारीख दिसेल असे फोटो दर महिन्याला काढा आणि लेखी तक्रारीला जोडा. स्वतः कुऱ्हाड चालवू नका, झाड पार्कचं आहे.

दाद मिळाली नाही तर एचसीडीच्या ‘मोबाइलहोम रेसिडेन्सी लॉ प्रोटेक्शन प्रोग्रॅम’कडे तक्रार करा. तक्रारीला पैसे पडत नाहीत, कारण तो चालतो तुमच्यासारख्यांच्या जागेमागे वर्षाला गोळा होणाऱ्या १० डॉलरवर. मुद्दाम कायदा मोडल्याचं कोर्टात सिद्ध झालं तर प्रत्येक उल्लंघनाला २,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. मॅनेजरला लिहिताना हे कलम, ७९८.८६, पत्राच्या शेवटी नोंदवून ठेवा.