वाचकांचे प्रश्न : जुना वाडा, ओल आणि वारसा यादी

प्रश्न : वाई येथे आमचा सुमारे दीडशे वर्षांचा दुमजली वाडा आहे. मिळकत पत्रिकेवर वडिलांचे आणि तीन काकांचे नाव असून प्रत्यक्षात तेथे धाकटे काका-काकूच राहतात. मागच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल चढली आहे आणि गवंड्याने सिमेंटचा गिलावा करून घ्यायला सांगितले आहे. दुसरे असे, की वाड्याची नोंद वारसा यादीत झाली तर सरकार तो ताब्यात घेईल, अशी भीती दोन काकांना वाटते. आम्ही काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : कायद्याचे नंतर पाहू, कारण भिंतीला तेवढा वेळ नाही. सिमेंटचा गिलावा कृपा करून करू नका. आपल्या वाड्याच्या काळातील भिंती बहुधा मातीत किंवा चुन्यात रचलेल्या असतात. भारतात सिमेंटचे उत्पादन विसाव्या शतकात सुरू झाले, त्यामुळे बांधणाऱ्यांनी भिंतीचा सगळा हिशेब चुना आणि माती धरूनच केलेला होता. जमिनीतली ओल अशा भिंतीत थोडीफार चढणारच, परंतु चुन्याच्या गिलाव्यातून ती हळूहळू बाहेर पडून वाळते. वरून सिमेंट थापले की तिची बाहेरची वाट बंद होते आणि ती भिंतीच्या पोटातून आणखी वर सरकते. कमरेएवढी ओल दोन पावसाळ्यांत डोक्याएवढी होते, विटांना लोणा लागतो, म्हणजे क्षार वर येऊन त्या झडू लागतात, आणि शेवटी ओल लाकडापर्यंत पोचते.

हे मी एका वाड्यात स्वतः पाहिले आहे. ओसरीची भिंत सिमेंटने गुळगुळीत करून तिला ऑइलपेंट दिला होता आणि घरची मंडळी त्या कामावर अगदी समाधानी होती. तुळईचे टोक भिंतीत शिरते तेथे मी साधा पेचकस टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर आला तो चहाच्या चोथ्यासारखा काळा भुगा. त्याच तुळईचा मधला भाग मात्र ठोकल्यावर खणखणीत वाजत होता. सागाचे ते लाकूड वयाने खचले नव्हते, त्याला कोंडलेल्या ओलीने खाल्ले होते. आपल्याकडचे बहुतेक वाडे याच रीतीने जातात आणि मग ‘जुने झाले होते, पडले’ असे म्हटले जाते, याचे मला फार वाईट वाटते.

म्हणून पहिला खर्च गिलाव्यावर करू नका, पाणी कोठून येते ते शोधण्यावर करा. छपराची फुटलेली किंवा सरकलेली कौले, तुंबलेली पन्हळ, न्हाणीघराच्या मोरीची गळकी नळी, भिंतीत उगवलेला पिंपळ, ही नेहमीची ठिकाणे. त्यांत हल्ली एकाची भर पडली आहे. गल्लीतला रस्ता दर काही वर्षांनी जुन्या थरावरच नवा थर टाकून केला जातो, त्यामुळे पूर्वी दोन-तीन पायऱ्या चढून गाठायचे जोते आज रस्त्याच्या पातळीला किंवा त्याच्याही खाली गेलेले दिसते, आणि पावसाचे सारे पाणी भिंतीच्या पायाशी मुरते. आपल्या मागच्या बाजूला बोळ असेल तर तेथे प्रथम उतार आणि गटार नीट करून घ्या, आणि भिंतीलगतची फरशी सिमेंटने पक्की केलेली असल्यास ती हातभर रुंदीने उखडून तो पट्टा मोकळा ठेवा.

पाणी थांबल्यावर भिंत निदान एक उन्हाळा वाळू द्या. त्यानंतर लोणा लागलेला जुना गिलावा खरवडून चुन्याचा गिलावा करा. कळीचा चुना भिजवून तो तीन-चार आठवडे तरी मुरवावा लागतो. एका भागाला दोन ते तीन भाग वाळू आणि विटांची भुकटी घालतात. प्रमाण भिंत पाहून ठरते, म्हणून आधी एका कोपऱ्यात हातभर जागेवर नमुना करून तो महिनाभर पाहावा. गूळ आणि हिरड्याचे पाणी घालण्याची जुनी पद्धत ठाऊक असलेले कारागीर अजून आहेत, फक्त त्यांची चौकशी चिकाटीने करावी लागते. हे काम पावसात करू नये, दिवाळीनंतर हाती घ्यावे. तुळईचे टोक कुजलेले निघाले तरी सगळी तुळई बदलण्याची गरज नसते. खालून धिरे देऊन कुजका भाग कापता येतो आणि तेथे मुरलेल्या सागाचा तुकडा सांधता येतो.

आता काकांच्या भीतीविषयी. ती एकाच नावाखाली दोन निराळ्या गोष्टी घातल्यामुळे निर्माण झाली आहे. संरक्षित स्मारक ही एक गोष्ट. ते केंद्राच्या १९५८ च्या किंवा राज्याच्या १९६० च्या कायद्याखाली घोषित होते, आणि केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी असते. वारसा यादी ही दुसरी गोष्ट. ती नियोजन प्राधिकरणाच्या, म्हणजे सहसा नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या, विकास नियमांखाली होते. मुंबईत असे नियम १९९५ मध्ये लागू झाले आणि आज राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीतही तशी तरतूद आहे. यादीत नाव आल्याने मालकी बदलत नाही. वाडा विकता येतो, भाड्याने देता येतो आणि अर्थात त्यात राहताही येते. बदल करण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते, एवढे बंधन पडते, आणि ते किती कडक असेल हे श्रेणीवर ठरते. पहिल्या श्रेणीत आत-बाहेर जवळपास काहीच बदलता येत नाही, तिसऱ्या श्रेणीत बरीच मोकळीक असते. यादी अंतिम होण्यापूर्वी हरकती मागवल्या जातात, तेव्हा काकांना आपले म्हणणे लेखी मांडता येईल.

यादीतल्या इमारतीच्या मालकाला न वापरलेल्या चटईक्षेत्रापोटी, म्हणजे जागेवर बांधता आले असते पण बांधले नाही त्या क्षेत्रापोटी, हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर), म्हणजे दुसऱ्याला विकता येणारा बांधकामाचा हक्क, मिळण्याची सोय नियमांत आहे. मोठ्या शहरात त्याला किंमत येते. लहान गावात गिऱ्हाईक मिळणे अवघड, म्हणून त्या पैशावर दुरुस्तीचा हिशेब मांडू नका. त्यापेक्षा चौघा भावांनी मिळून वर्षाला ठरावीक रक्कम एका खात्यात टाकावी आणि तसा लेखी करार करावा. जे काका-काकू तेथे राहतात, रोज दिवा लावतात, गळती दिसली की घमेले ठेवतात, तेच आज वाडा टिकवून आहेत. दुरुस्तीचा भारही त्यांच्यावरच टाकणे मला न्याय्य वाटत नाही.

प्रश्न : नाशिकच्या जुन्या भागातील एका वाड्यात आम्ही तीन पिढ्यांपासून भाडेकरू आहोत. भाडे महिन्याला ६० रुपये आहे. मालक दुरुस्ती करीत नाहीत आणि आता धोकादायक इमारतीची नोटीस आली आहे. वाडा वाचवता येईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : प्रथम नोटिशीत कोणता वर्ग लिहिला आहे ते वाचा. सी-१ म्हणजे इमारत रिकामी करून पाडावयाची, सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-१ असेल आणि छत खरोखर झुकले असेल, तर पावसाळ्यात तेथे झोपू नका. घरातल्या माणसांपुढे कोणताही कडीपाट मोठा नाही.

मात्र त्या वर्गाला आव्हान देण्यास वाव असतो. संरचनात्मक तपासणी अनेकदा केवळ काँक्रीटच्या इमारतींचा सराव असलेल्या अभियंत्याकडून होते. वाड्याचा भार बहुतांशी लाकडी खांब आणि तुळयांवर असतो आणि मधली भिंत पुष्कळदा नुसती भरणी असते. भिंतीला पडलेली भेग पाहून सगळा वाडा मोडकळीस आला असे ठरवणे चूक ठरू शकते. लाकडी बांधकाम जाणणाऱ्या अभियंत्याकडून दुसरा अहवाल घ्या आणि मुदतीत महापालिकेला द्या. इमारत पाडण्याची वेळ आलीच, तर त्याआधी आपल्या ताब्यातल्या खोल्यांचे मोजमाप लेखी नोंदवून घेण्याचा आग्रह धरा. पुढच्या हक्कासाठी तोच कागद उपयोगी पडेल.

दुरुस्ती मालकाने करावी, असेच १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात आहे. त्याने टाळल्यास पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, परंतु वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. आपले वर्षाचे भाडे ७२० रुपये, म्हणजे १८० रुपये. एवढ्यात कौलांचा एक कोपराही शाकारून होणार नाही, आणि ७२० रुपयांत मालकालाही तो करता येणार नाही. वाडा पडून नवी इमारत उठण्यातच मालकाचा लाभ असतो, तो याच आकड्यांमुळे. म्हणून सर्व भाडेकरूंनी एकत्र येऊन भाडे वाढवून देण्याची आणि त्या बदल्यात दुरुस्तीचा नोंदणीकृत करार करण्याची तयारी दाखवावी, असे मी सुचवतो. हे बोलणे सोपे नाही, पण ज्या ठिकाणी वाडा राहावा अशी दोन्ही बाजूंची इच्छा आहे, तेथे दुसरा मार्ग मला दिसत नाही.

प्रश्न : आम्ही काही महाविद्यालयीन मुले-मुली आमच्या तालुक्याच्या गावातील जुन्या घरांची नोंद करू इच्छितो. सुरुवात कशी करावी?
— एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : मालकाची परवानगी घेऊन आणि मोजपट्टी घेऊन. छायाचित्रे सगळेच काढतात, मापे कोणी घेत नाही, आणि वाडा पडल्यावर नेमकी मापेच हवी असतात. प्रत्येक घराचा साधा आराखडा काढा, दिंडी दरवाजापासून परसापर्यंत. सोपा, माजघर, बळद, सज्जा यांना त्या घरात जे नाव असेल तेच लिहा, पुस्तकातले लिहू नका. वयस्कर बायकांना जरूर विचारा. कोणत्या कोनाड्यात काय ठेवत आणि धान्य कोठून बळदात ओतत, हे त्यांनाच ठाऊक असते.

कोरीव खांब आणि दरवाजे यांची नोंद छायाचित्रासह आणि मापासह करा, कारण रिकाम्या वाड्यातून सर्वांत आधी तेच विकले जातात. इमारतीपासून सुटा केलेला शंभर वर्षांहून जुना असा भाग १९७२ च्या पुरावशेष कायद्यात पुरावशेष ठरू शकतो आणि तो खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. चोरीची तक्रार करताना आपली ती नोंदच पुरावा म्हणून कामी येईल. तिची एक प्रत मालकाकडे आणि एक गावातल्या ग्रंथालयात ठेवा, परंतु कोणते घर रिकामे आहे हे कोठेही प्रसिद्ध करू नका.