ग्राफ गप्प चुकतो तेव्हा

प्रश्न: ताई, पायथन नुकतंच शिकायला घेतलंय. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी तोडलेला तक्ता) पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीने वाचली आणि मॅटप्लॉटलिब या ग्राफ काढणाऱ्या लायब्ररीने लाइन काढली, तर ती सरळ तिरकी वर चढत जाते. आकडे तर खालीवर आहेत! वाय अक्षावर 12 च्या वर 7, त्याच्या वर 95 असं काहीतरी दिसतं. एरर काहीच येत नाही. काय चुकतंय?

उत्तर: वाय अक्ष नीट बघितलात हे फार बरं केलंत, कारण उत्तर तिथेच आहे. तुमचे आकडे कॉम्प्युटरच्या लेखी आकडे नाहीतच, मजकूर आहेत. आणि मजकूर मिळाला की मॅटप्लॉटलिब ती नावं समजतो, लाल-निळा-हिरवा असतात तशी, मग जे आधी दिसलं त्याला 0, पुढच्याला 1, मग 2 अशा जागा देत जातो. म्हणजे 12, 7, 95, 30 हे त्याने फक्त पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं म्हणून सारख्या अंतरावर एकावर एक रचले, मग रेघ सरळ चढणारच ना.

ग्राफच्या कोडला हात लावू नका. आधी डीएफ डॉट डीटाइप्स चालवा (डीएफ म्हणजे तुम्ही वाचलेला तक्ता), कोणत्या कॉलममध्ये कोणत्या प्रकारची माहिती आहे ते दिसेल. त्या कॉलमपुढे इंट किंवा फ्लोट (म्हणजे पूर्णांक किंवा दशांश आकडे) न दिसता ऑब्जेक्ट किंवा स्ट्रिंग (म्हणजे बहुधा मजकूर) दिसलं की चोर सापडला. बहुतेक वेळा एखाद्याच खान्यात 1,250 असा स्वल्पविराम असतो नाहीतर रिकाम्या जागी कोणीतरी डॅश टाकलेला असतो, आणि तेवढ्या एका खान्यापायी अख्खा कॉलम मजकूर होतो. स्वल्पविराम असेल तर रीड सीएसव्हीमध्ये थाउजंड्स हा पर्याय द्या, काम झालं. बाकीच्यासाठी मजकुराचे आकडे करणारं टू न्यूमेरिक आहे, त्यात एरर्सला कोअर्स दिलं की जे वाचता येत नाही ते रिकामं होतं. पण हे डोळे झाकून करू नका हो, कळकळीने सांगते. कोणत्या ओळी रिकाम्या झाल्या त्या आधी छापून बघा, एखाद्या ठिकाणी शून्याऐवजी इंग्रजी ओ टाइप झालेला असतो, म्हणजे आकडा चांगला असतो आणि आपणच तो फेकून देतो.

प्रश्न: स्क्रीनवर ग्राफ मस्त दिसतो, पण सेव्ह केलेली फाइल पांढरीफटक निघते. असं का?

उत्तर: ग्राफ दाखवणारी शो ही ओळ आधी लिहिली आहे आणि फाइल सेव्ह करणारी सेव्हफिग नंतर, बरोबर? खिडकी बंद केली की तो ग्राफ संपतो, मग सेव्हफिगला नवा कोरा कागद मिळतो. दोन ओळींची अदलाबदल करा. कडेची नावं कापली जात असतील तर सेव्हफिगमध्ये बीबॉक्स इंचेसला टाइट द्या.

प्रश्न: तारखांचा ग्राफ काढला तर रेघ मागेपुढे धावते, नुसता गुंता.

उत्तर: रेघ ओळींच्या क्रमाने बिंदू जोडते, तारखेच्या क्रमाने नाही, म्हणून सॉर्ट व्हॅल्यूज वापरून ओळी तारखेच्या क्रमाने लावून घ्या. पण त्याआधी टू डेटटाइमने मजकुराच्या खऱ्या तारखा करा, कारण मजकूर म्हणून क्रमाने लावल्या तर 10/01 आधी येते आणि 2/01 नंतर. आणि त्यात डेफर्स्टला (म्हणजे दिवस आधी) ट्रू द्यायला विसरू नका, नाहीतर 03/04 म्हणजे 3 एप्रिलऐवजी 4 मार्च धरला जातो, ग्राफ दिसायला छान दिसतो आणि महिनेच्या महिने कोणाला पत्ता लागत नाही.