उभ्या गाडीची बॅटरी नकळत उतरू नये म्हणून काय करावे?

कामासाठी दर महिन्याला दोन-तीन आठवडे बाहेरगावी जावे लागते, परत आल्यावर गाडी सेल्फ घेत नाही, दोनदा जंपर लावावा लागला आणि आता गॅरेजवाला नवीन बॅटरी टाका म्हणतोय, असे तुम्ही लिहिले आहे. माझे कळकळीचे सांगणे एवढेच: बॅटरीवर पैसे घालण्याआधी गाडी बंद असताना किती करंट खाते ते एकदा मोजा.

मी न मोजता बॅटरी बदलली होती. ती नवी बॅटरीही दोन महिन्यांत उतरली, आणि ते कळले रात्री दीड वाजता, वडिलांना छातीत दुखू लागले तेव्हा. किल्ली फिरवली की नुसते टक-टक-टक. खालच्या मजल्यावरच्या काकांनी झोपेतून उठून त्यांची गाडी काढली आणि आम्ही वेळेत पोहोचलो. वडील आज ठणठणीत आहेत. पण त्या रात्रीनंतर या विषयात मी नीट लक्ष घातले.

चूक बॅटरीची नव्हती. मी एका अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातून डॅशकॅम बसवून घेतला होता आणि तिथल्या कारागिराने त्याची वायर कायम चालू असणाऱ्या फ्यूजमधून घेतली होती. गाडी बंद, किल्ली माझ्या खिशात, आणि कॅमेरा रात्रंदिवस सुरू. मोजले तेव्हा २५० मिलिअँपिअर निघाले. म्हणजे दिवसाला ६ अँपिअर-अवर (बॅटरीतला साठा याच मापात मोजतात). छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची असते, म्हणजे तिसऱ्या दिवशी ती निम्मी रिकामी. मी रोज गाडी काढायचो तोवर काही जाणवले नाही; चार दिवस उभी राहिली आणि प्रकरण उघडे पडले.

थोडा करंट प्रत्येक गाडी खाते. घड्याळ, सेंट्रल लॉकचा रिसीव्हर, कंप्युटरची मेमरी यांना तो लागतोच. साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर गाडीत बिघाड नाही असे धरतात. पण तुमच्यासारख्याला तोही आकडा जड जातो: ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर, तीन आठवड्यांत २५. ३५ मधून २५ गेले की सेल्फ फिरायचा नाही. त्यामुळे तुमच्या गाडीत काहीच बिघडलेले नसेल, ती फक्त जास्त दिवस उभी राहत असेल, हेही शक्य आहे. मोजल्याशिवाय यातले कुठले खरे ते कळणार नाही.

मोजणे अवघड नाही. पाचशे रुपयांच्या आत साधा मल्टिमीटर मिळतो; १० अँपिअरची रेंज असलेला घ्या आणि लाल पिन त्याच सॉकेटमध्ये घाला. किल्ली काढा, दारे लावा, रिमोट किल्ली असेल तर ती घरात लांब ठेवा, कारण जवळ असली तर काही गाड्या जाग्याच राहतात. मग निगेटिव्ह टर्मिनल सोडवून मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला आणि दुसरी सुटलेल्या केबलला लावा. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, घाबरू नका. गाडीतले कंप्युटर झोपायला वेळ घेतात, अर्धा तास तरी जाऊ द्या. या काळात चुकूनही सेल्फ मारू नका. स्टार्टर शंभरपेक्षा जास्त अँपिअर ओढतो, मीटर जळेल. आकडा स्थिर झाल्यावरही मोठाच असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येतो, चोर त्या लाइनवर आहे. फ्यूज बॉक्स आत असेल तर दार उघडे ठेवावे लागते. तेव्हा दाराचे लॅच स्क्रूड्रायव्हरने ढकलून बंद करा, म्हणजे गाडीला दार लागले असे वाटेल. दार लावण्याआधी हँडल ओढून ते लॅच परत सोडवा, नाहीतर मोडेल. हे सगळे जमेल असे वाटत नसेल तर चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा आणि "गाडी बंद असताना करंट मोजून द्या" असे स्पष्ट सांगा.

बहुतेक वेळा चोर बाहेरून बसवलेल्या वस्तूंतच सापडतो: कॅमेरा, जीपीएस ट्रॅकर, अँप्लिफायर, काही गाड्यांत कायम चालू राहणाऱ्या सॉकेटमधला मोबाइल चार्जर. कॅमेरा पार्किंगमध्येही चालू हवाच असेल तर व्होल्टेज कमी झाल्यावर आपोआप तोडणारे किट लावून घ्या आणि ते १२.४ व्होल्टवर सेट करा, १२ वर नको. विश्रांतीत असलेली भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी आणि १२ म्हणजे पाव उरली. त्या पाव बॅटरीवर थंडीतली सकाळ काढणे कठीण.

दिवे विसरणे हे वेगळे. पार्किंग लाइट रात्रभर राहिले तर चार-पाच छोटे बल्ब मिळून सुमारे २ अँपिअर जातात, म्हणजे दहा तासांत २०. डिकीचा दिवा सगळ्यात फसवा, कारण डिकी लावल्यावर तो विझला की नाही हे दिसतच नाही. मोबाइलवर व्हिडिओ चालू करून फोन डिकीत ठेवा, झाकण लावा आणि नंतर बघा.

आता तुमच्या तीन आठवड्यांचे. मी गावी जाताना सरळ निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवतो. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो, दोन मिनिटांचे काम आहे. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. पॉझिटिव्हवर असलेला पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते. रिमोट चालणार नाही, म्हणून दार किल्लीनेच लावायचे, आणि डिकी आतून बटणाने उघडणारी असेल तर सामान आधीच काढून घ्यायचे. परत आल्यावर घड्याळ लावावे लागते, काही गाड्यांत ऑटो खिडकी पुन्हा शिकवावी लागते. सारखा पाना नको असेल तर टर्मिनलवर बसणारा कटऑफ स्विच मिळतो. पार्किंगमध्ये प्लग पॉइंट असेल तर मात्र भरल्यावर स्वतःच थांबणारा चार्जर लावून जाणे सर्वांत उत्तम.

घरच्यांना "रविवारी पाच मिनिटे चालू करून ठेवा" असे सांगत असाल तर ते थांबवा. सेल्फ मारताना गेलेले तेवढ्या वेळात जेमतेम परत येते. दिवे आणि एसी चालू असतील तर तेही नाही. शिवाय बंद बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवणे धोक्याचे आहे, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कुणी चालवणारे असेल तर अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवून आणायला सांगा.

हे सगळे इतक्या तपशिलात सांगतोय कारण जंपर लावून गाडी सुरू झाली तरी झालेले नुकसान भरून निघत नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटरी रिकामी पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे धरतात आणि घट्ट होतात. तेवढी क्षमता कायमची गेली. तुमची बॅटरी दोनदा पूर्ण उतरली आहे, म्हणून करंट मोजून झाल्यावर तिची लोड टेस्टही (भार टाकून ती किती तग धरते ते बघणे) करून घ्या. टेस्टमध्ये नापास झाली तर नवीन टाका, पण आधी चोर पकडा, नाहीतर माझी उतरली तशी तुमची नवीही उतरेल.

तुमची गाडी कुठली, बॅटरीवर तारीख काय आहे आणि अर्ध्या तासानंतर मीटरवर किती आकडा आला, एवढे लिहा. कुठला फ्यूज आधी तपासायचा ते मी सांगू शकेन.