अमेरिकेतल्या कम्युनिटी मीडिया सेंटरमधून महाराष्ट्र मंडळाला मराठी कार्यक्रम करता येईल का? सुरुवात कुठून करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत तुमच्या शहरात कम्युनिटी मीडिया सेंटर आहे, त्याचं केबलवर पब्लिक ॲक्सेस चॅनल, म्हणजे सामान्य नागरिकांनी केलेले कार्यक्रम दाखवणारं चॅनल आहे, मंडळात टीव्हीचं काम कुणालाच येत नाही. तर तिथून मराठी कार्यक्रम करता येईल का, आणि कसा?

करता येतो. मराठीत आहे म्हणून कुणी अडवत नाही, आणि काम शिकवण्यासाठीच ही केंद्रं असतात. फक्त गणेशोत्सवाचं चार तासांचं रेकॉर्डिंग नेऊन देण्यापासून सुरुवात करू नका. महिन्याला एक, अर्ध्या तासाचा, स्टुडिओत केलेला गप्पांचा कार्यक्रम करा. का, ते पुढे येतंच.

आधी केंद्राचा पैसा कुठून येतो ते समजून घ्या, म्हणजे तिथे काय मिळेल याचा अंदाज येतो. १९८४ च्या केबल कायद्याने शहरांना केबल कंपनीकडून तिच्या केबल टीव्हीच्या उत्पन्नावर जास्तीत जास्त ५ टक्के फ्रँचाइज फी (शहरात केबल चालवू देण्याचा मोबदला) घेण्याची आणि सार्वजनिक, शैक्षणिक व सरकारी वापरासाठी चॅनलं मागण्याची मुभा दिली. नगरपालिकेच्या बैठका दिसतात ते सरकारी चॅनल. तुमच्या कामाचं ते सार्वजनिक, आणि त्याच्या केंद्राचा खर्च बहुधा याच फीमधून निघतो. न्यूयॉर्कचं मॅनहॅटन नेबरहुड नेटवर्क, मॅसॅच्युसेट्समधलं केंब्रिज कम्युनिटी टेलिव्हिजन, सॅन होजेचं क्रिएटीव्ही ही याच जातीची केंद्रं. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत यावर आणखी १ टक्क्यापर्यंत रक्कम मिळू शकते, पण ती साधनसामग्री आणि बांधकामावरच खर्च करावी लागते. म्हणून काही केंद्रांत कॅमेरे नवे कोरे आणि शिकवायला माणसं मात्र दोनच, असं चित्र दिसतं. त्यामुळे कार्यशाळेच्या जागा पटकन भरतात. तारखा जाहीर होताच नावं द्या.

सभासदत्व बहुतेक ठिकाणी त्या शहरात राहणाऱ्या, काम करणाऱ्या किंवा शिकणाऱ्या माणसाला मिळतं. पत्त्याचा पुरावा म्हणून ड्रायव्हिंग लायसन्स किंवा विजेचं बिल चालतं. आपल्या मंडळांची अडचण इथेच येते: सभासद पाच-सहा गावांत विखुरलेले असतात. केंद्राच्या गावात राहणाऱ्या एकाला निर्माता करा, कारण अर्जावर सही त्याची आणि जबाबदारीही त्याची. मंडळ नोंदणीकृत ना-नफा संस्था असेल तर संस्थेचं सभासदत्व मिळतं का ते विचारा. करमाफीचं पत्र सोबत ठेवा. वर्गणी प्रत्येक केंद्राची वेगळी असते, पण बाहेर स्टुडिओ भाड्याने घेण्याच्या मानाने अगदी कमी.

पुढचा क्रम जवळपास सगळीकडे सारखा आहे. आधी ओळखवर्ग, मग सभासदत्व, मग स्टुडिओ, कॅमेरा आणि एडिटिंग यांच्या कार्यशाळा, शेवटी छोटी प्रात्यक्षिक परीक्षा. ती उत्तीर्ण झाल्याशिवाय साधनांना हात लावता येत नाही. त्यानंतर प्रकल्पाचा अर्ज आणि स्टुडिओचं आरक्षण. केंद्राची साधनं वापरून केलेला कार्यक्रम ठरावीक मुदतीत चॅनलला द्यावा लागतो. त्याची मालकी मात्र साधारणपणे निर्मात्याकडेच राहते; नियमपत्रकात तेवढं पाहून घ्या.

हे नियमपत्रक खरंच वाचा. केबल कंपनीला पब्लिक ॲक्सेसच्या मजकुरात जवळपास ढवळाढवळ करता येत नाही. पण केंद्र चालवणारी संस्था खासगी असेल तर ती एवढ्यावरून सरकारी यंत्रणा ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला, आणि तो खटला मॅनहॅटनच्याच केंद्राचा होता. त्यामुळे सरकारवर असलेलं अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं घटनात्मक बंधन अशा संस्थेवर आपोआप येत नाही. म्हणजे वाद झालाच तर बहुतेक वेळा संस्थेचं स्वतःचं नियमपत्रकच कामी येतं.

मंडळाला सर्वात जास्त नडणारा नियम जाहिरातीचा. किंमत सांगायची नाही, ‘आजच फोन करा’ म्हणायचं नाही, कुणाचा माल चांगला हे सांगायचं नाही. किराणा दुकानदाराने मदत केली तर शेवटी ‘यांच्या सहकार्याने’ एवढी पाटी चालते. दिवाळी कार्यक्रमाची तारीख आणि जागा सांगा. तिकिटाचा दर आणि ‘लवकर बुकिंग करा’ हे आलं की कार्यक्रम परत येऊ शकतो.

दुसरा नियम हक्कांचा. निर्माता म्हणून तुम्ही लिहून देता की यातलं सगळं आमचं आहे किंवा आमच्याकडे परवानगी आहे. केंद्राकडे संगीत वाजवण्याचा परवाना असला तरी तो गाणं दृश्याला जोडण्याचा हक्क देत नाही. मुलांचे नाच सिनेमाच्या गाण्यांवर असतात, म्हणून गणेशोत्सवाचं रेकॉर्डिंग हा सर्वात अडचणीचा माल. केबलवर एक वेळ जाईल, पण केंद्राने यूट्यूबवर टाकलं की दावा येतो आणि आवाज बंद होतो. तुकारामांच्या अभंगाचे शब्द कुणाच्या मालकीचे नाहीत, पण गाजलेली चाल आणि तिचं रेकॉर्डिंग मालकीचं असतं. आपल्याच गायकाने पारंपरिक चालीत किंवा स्वतःच्या चालीत गायलं तर प्रश्नच मिटतो. मराठी शाळेतली मुलं दिसणार असतील तर पालकांच्या सहीची संमतीपत्रं आधी गोळा करा. चित्रीकरण झाल्यावर ती मिळवणं फार जिकिरीचं होतं.

आता स्टुडिओ. दिग्दर्शक, स्विचरवर (एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जाण्याचं यंत्र) एक, आवाजावर एक, ग्राफिक्सवर एक, फ्लोअर मॅनेजर आणि दोन-तीन कॅमेरे, म्हणजे सात-आठ माणसं. कॅमेरे स्थिर ठेवले तर पाचांत भागतं. माणसं कमी पडली तर केंद्राचे इतर सभासद येतात, बदल्यात तुम्ही त्यांच्या कार्यक्रमाला जायचं. ही देवाणघेवाण मनापासून करा, शिक्षण खरं तिथेच होतं. पण या मंडळींना मराठी कळत नाही, त्यामुळे पाहुण्याचं बोलणं कधी संपतंय हे दिग्दर्शकाला समजत नाही आणि शॉट उशिरा कापला जातो. उपाय दोन: मराठी कळणारा एक जण दिग्दर्शकाच्या शेजारी बसवा, आणि क्रमपत्रिकेत प्रत्येक भागाचं शेवटचं वाक्य रोमन लिपीत लिहा. अर्ध्या तासाच्या जागेसाठी बरीच केंद्रं २८ मिनिटं किंवा २८ मिनिटं ३० सेकंद मागतात. अर्धा मिनिट सुरुवातीचं शीर्षक, एक मिनिट प्रास्ताविक, बारा-बारा मिनिटांचे दोन भाग, उरलेला वेळ निरोप आणि नामावली, असं बसवा.

आवाजात सर्वात जास्त चुका होतात, आणि त्या आपल्या कपड्यांमुळे होतात. केंद्रातले शिक्षक कॉलरचा माईक शर्टाच्या हिशोबाने शिकवतात. साडीचं त्यांना ठाऊक नसतं. पदराच्या सुट्या निऱ्यांवर माईक लावला की रेशमाची खसखस पूर्ण कार्यक्रमभर ऐकू येते. पदर ब्लाउजला दोन ठिकाणी पिन करून घ्या आणि त्या न हलणाऱ्या काठावर, हनुवटीपासून साधारण १५ ते २० सेंटीमीटर खाली क्लिप लावा. वायर पदराच्या आतून मागे न्या, ट्रान्समीटर (माईकची वायर जिला जोडतात ती छोटी डबी) पाठीमागे कमरेला परकराच्या नाडीवर घट्ट बसतो. लांब मंगळसूत्र माईकवर टकटकतं, ते पदराखाली घ्यायला सांगा. काचेच्या बांगड्या टेबलावर आपटतात, म्हणून टेबलावर जाड कापड अंथरा. हे सगळं पाहुण्या येण्याआधी त्यांना फोनवर सांगून ठेवा.

हिरव्या पडद्याच्या मोहात पडू नका. हिरवी पैठणी, हिरवा चुडा, पोपटी काठ हे सगळं पारदर्शक होतं आणि बाईंच्या मनगटातून मागचा शनिवारवाडा दिसू लागतो. साधी पार्श्वभूमी घ्या. जरीवर थेट प्रकाश पडला की चकाकी येते, दिवा थोडा उंच आणि तिरका करा. बारीक चौकड्यांचा झब्बा टाळा, कॅमेऱ्यात तो लहरतो.

गाण्याचा भाग असेल तर पेटी-तबल्याला कॉलरचे माईक लावू नका. तबला आणि डग्गा यांना स्वतंत्र माईक, पेटीला एक, गायकाला एक. तानपुरा मोबाईलवरून असेल तर स्पीकरसमोर माईक न धरता वायरने थेट मिक्सरमध्ये घ्या. बाहेर सभागृहात रेकॉर्डिंग करताना मिक्सरमधून येणारा जोरदार सिग्नल (लाइन-पातळी) कॅमेऱ्याच्या माईकच्या क्षीण सिग्नलसाठी असलेल्या इनपुटला (माईक-पातळी) दिला तर आवाज फाटतो आणि नंतर दुरुस्त होत नाही. कॅमेऱ्यावरची कळ आधी ‘लाइन’वर करा, हेडफोन लावून ऐका, टाळ्यांसाठी वेगळा माईक ठेवा.

पाट्यांचं बघा. स्टुडिओतल्या ग्राफिक्सच्या यंत्रात देवनागरी टंकली तर अनेकदा वेलांटी चुकीच्या अक्षराला जाते आणि जोडाक्षरं फुटतात. नावाच्या पाट्या घरीच करून १९२० × १०८० च्या पारदर्शक पीएनजी फाइल म्हणून न्या. एडिटिंगला ॲडोबीचं प्रीमियर वापरत असाल तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचं टेक्स्ट इंजिन निवडा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट टीव्हीवर स्वच्छ वाचता येतात. ‘कुलकर्णी’ आणि ‘गोऱ्हे’ ही दोन नावं लिहून बघा. रफार आणि अर्धा र नीट आला की बाकीचं येतं. बारीक अक्षर नको, कारण काही केबल कंपन्या ही चॅनलं अजून कमी रेझोल्युशनने दाखवतात आणि मात्रा पुसट होतात. पडद्याच्या प्रत्येक कडेपासून १० टक्के जागा मोकळी सोडा.

पुण्याहून कुणाची मुलाखत मागवणार असाल तर एक खास खबरदारी. तिथली वीज ५० हर्ट्झची, इथली ६० ची. तिथे ट्यूबलाइटखाली इथल्या सेटिंगने चित्रण केलं की पडद्यावर पट्टे सरकतात. त्यांना शटर १/५० वर ठेवायला सांगा, किंवा खिडकीच्या उजेडात बसायला सांगा, ते सोपं. शिवाय मोबाईलच्या चित्रणात फ्रेमचा वेग बदलता असतो, त्यामुळे एडिटिंगमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू सुटत जातात. ती फाइल आधी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून सेकंदाला २९.९७ फ्रेमच्या स्थिर वेगाला बदलून घ्या.

एक टेराबाइटची स्वतःची एसएसडी घ्या आणि ती एक्सफॅट या प्रकारात फॉरमॅट करा, म्हणजे मॅक आणि विंडोज दोन्हीवर चालेल. सेकंदाला ५० मेगाबिटच्या रेकॉर्डिंगला २८ मिनिटांना एका कॅमेऱ्याचे साडेदहा जीबी लागतात. तीन कॅमेरे आणि कापलेला कार्यक्रम धरून ४२. केंद्राचे संगणक ठरावीक काळाने पुसले जातात, तिथे काही ठेवून येऊ नका. अंतिम फाइल साधारणपणे एच.२६४ एमपी४, १९२० × १०८०, आवाज ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ, सरासरी पातळी उणे २४ एलकेएफएस (आवाजाच्या मोठेपणाचं माप) अशी मागतात. सोबत इंग्रजीत तीन-चार ओळींचा सारांश द्या, कारण वेळ ठरवणाऱ्याला मराठी येत नाही. इंग्रजी व स्पॅनिश सोडून इतर भाषांतल्या कार्यक्रमांना एफसीसीचा (दूरसंचारावर देखरेख करणारी केंद्र सरकारची संस्था) कॅप्शनचा नियम लागू नाही, तरी इंग्रजी सबटायटल घालाच. आपली इथे वाढलेली मुलं आणि शेजारी त्यामुळेच बघतात.

वेळ मागताना एका भागाची नको, मालिकेची मागा. तीन भाग तयार असले की आठवड्याची ठरलेली वेळ मिळण्याची शक्यता वाढते, आणि तीच वेळ पुढे टिकवता येते. केबल नसलेल्यांसाठी केंद्राची वेबसाइट किंवा यूट्यूब चॅनल आहे का तेही विचारा. आज बहुतेक मराठी घरांत केबल नाही.

त्याच कारणाने या केंद्रांचं उत्पन्न घटतंय: इंटरनेट आणि स्ट्रीमिंगच्या बिलावर फ्रँचाइज फी लागत नाही. जिथे शहर स्वतः केबल कंपनीशी करार करतं, तिथे तो ठरावीक वर्षांनी संपतो आणि नूतनीकरणाची प्रक्रिया जवळपास तीन वर्षं आधी सुरू होऊ शकते. त्यात शहराच्या गरजा काय आहेत यावर लोकांचं म्हणणं ऐकून घेतात. तारीख केंद्राच्या संचालकांना विचारून ठेवा. मंडळाच्या दोघा-तिघांनी सुनावणीला जावं आणि लेटरहेडवर पत्र द्यावं. त्यात किती कार्यक्रम केले, किती जण काम शिकले आणि कोणत्या भाषेत, एवढं आकड्यांनिशी लिहावं.