धामणीला रक्ती आव

प्रश्न : सोलापूरजवळ विहिरीतून काढलेली धामण वनविभागाच्या सूचनेने उपचारासाठी आमच्याकडे आहे. शेजारच्या पेटीत कासव आहे, पाण्याचं भांडं दोघांना एकच. धामण खात नाही, विष्ठेतून रक्त आणि आव पडते. जंताचं औषध द्यावं का?

उत्तर : थांबा, आधी अमीबा तपासा. ‘एंटअमीबा इन्व्हेडेन्स’ हा एकपेशीय परजीवी कासवाच्या आतड्यात बहुधा निरुपद्रवी राहतो. सापात मात्र मोठ्या आतड्याला व्रण पाडतो, यकृतापर्यंत पोहोचतो आणि जीव घेतो. तुमचं सामायिक भांडं हाच त्याचा रस्ता. ते आजच वेगळं करा, चिमटे आणि हातमोजेसुद्धा.

ताजी विष्ठा अर्ध्या तासात पशुवैद्यकांकडे न्या, फ्रिजमध्ये ठेवू नका. गारठ्याने अमीबाची हालचाल थांबते आणि तो ओळखू येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली आधी कोमट सलाइनमध्ये, मग आयोडीन घालून पाहतात. पुटीत, म्हणजे अमीबाच्या कवचबंद अवस्थेत, चार केंद्रकं दिसतात. एक नमुना स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका, पुट्या रोज पडत नाहीत.

अमीबा निघाला तर त्यावरचं औषध मेट्रोनिडॅझोल चालतं, पण वजन करूनच आणि पशुवैद्यकांनी ठरवलेल्या मात्रेत. जास्त झालं तर सापाच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो. भांडी उकळत्या पाण्याने धुवा, पुट्यांना साधं क्लोरीन पुरत नाही. कासवाचीही विष्ठा तपासून घ्या.